आईचा खुबा मोडला: रॉड, बायपोलर की पूर्ण सांधा?

प्रश्न: गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र. त्यांची ७९ वर्षांची आई सकाळी मोरीत पाय घसरून पडली. उजवा पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये ‘नेक फ्रॅक्चर, हाड सरकलेलं’ (म्हणजे मांडीच्या हाडाची मान मोडलेली) असं आलं. दाखल केलंय तिथले डॉक्टर सिमेंटचा बायपोलर (फक्त खुब्याचा बॉल बदलणारा कृत्रिम सांधा) बसवू म्हणतात. दुसऱ्या सर्जननी मोबाइलवर एक्स-रे पाहून पूर्ण सांधा बदला, तोही बिनसिमेंटचा आणि परदेशी, असं सुचवलं. नाशिकच्या भावाचं म्हणणं, या वयात चिरफाड नको, वजन लावून पाय ताणून ठेवू. शेजारच्या काकूंना गेल्या वर्षी नुसता रॉड टाकला आणि त्या चालायला लागल्या, मग आईच्याच खुब्यातला बॉल कापून का काढायचा, असाही प्रश्न घरात आहे. आईला बीपी आहे. चार वर्षांपूर्वी स्टेंट बसला तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी चालू आहे, आणि ‘ती गोळी बंद करून सात दिवस थांबावं लागेल’ असं भूलतज्ज्ञ म्हणतात. पडण्याआधी आई काठीशिवाय जिने उतरून भाजी आणायची. अलीकडे थोडा विसरभोळेपणा आलाय. “सगळ्यात चांगलं ऑपरेशन कोणतं? आणि अजून दोघा-तिघांना विचारायला चार-पाच दिवस घेतले तर चालेल ना?”

(प्रश्न तातडीचा असल्यामुळे थोडक्यात उत्तर त्याच दिवशी कळवलं होतं. असाच प्रसंग इतर घरांतही येतो, म्हणून इथे सविस्तर.)

उत्तर:

ताई,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. चार-पाच दिवस चालणार नाहीत. कोणता इम्प्लांट, कोणती कंपनी यावर घरात जेवढी चर्चा चालली आहे, त्याहून आईच्या जिवाला जास्त फरक पडतो तो ऑपरेशन कधी होतं आणि ती पलंगावरून कधी उठते याने. जगभरातल्या मार्गदर्शक सूचना दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करा म्हणतात. फार तर ४८ तास. म्हातारं माणूस मोडलेल्या खुब्यासह आडवं पडून राहिलं की दुखण्यामुळे खोल श्वास घेत नाही, छातीत कफ साठतो, माकडहाडावर जखम होते, लघवीला जंतुसंसर्ग होतो, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होते. खुबा मोडल्यानंतर वर्षभरात दगावणाऱ्या वृद्धांचं प्रमाण पाचात एकाच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे, आणि त्यातले बहुतेक जातात ते याच गुंतागुंतींनी आणि आधीच्या आजारांनी. हाडाने सहसा कोणी जात नाही.

याचा अर्थ मध्यरात्रीच टेबलावर घ्यायला हवं असाही नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत भारतासह १७ देशांतले जवळजवळ तीन हजार रुग्ण होते. निदानानंतर साधारण ६ तासांत ऑपरेशन झालेले आणि साधारण २४ तासांत झालेले, यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. लवकर झालेल्यांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले, एवढं खरं. तेव्हा एक दिवस लागला म्हणून जीव टांगणीला लावू नका, पण आठवडा जाऊ देऊ नका.

आता काकूंचा रॉड. तुमच्या घरातला बराचसा गोंधळ ‘खुब्याचं फ्रॅक्चर’ या एका शब्दाने केलाय, कारण त्या शब्दाखाली दोन वेगळे आजार आहेत. मांडीच्या हाडाच्या टोकाला बॉल असतो, बॉलखाली बारीक मान, आणि मानेखाली रुंद, आतून जाळीदार असा भाग. बॉलला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेला चिकटूनच वर जातात. मान मोडून हाड सरकलं की त्या ताणल्या जातात किंवा तुटतात आणि बॉल उपाशी पडतो. शिवाय मानेचा भाग सांध्याच्या पिशवीच्या आत असल्यामुळे इतर हाडांसारखं बाहेरून नवं हाड तिथे सहज धरत नाही. म्हणून ७०-८०च्या वयात सरकलेली मान स्क्रूने जोडली, तर साधारण तिघांमागे एकाला किंवा त्याहून जास्त जणांना पुन्हा ऑपरेशन लागतं: कधी हाड जुळत नाही, कधी जुळूनही बॉल सुकून खचतो. पहिलंच ऑपरेशन जिथे जड जाणार तिथे दुसऱ्याची जोखीम घ्यायची नसते. म्हणूनच बॉल काढून कृत्रिम बसवतात.

काकूंचं हाड बहुधा मानेखाली मोडलं असणार. डॉक्टर त्याला ‘आयटी फ्रॅक्चर’ म्हणतात. तिथे रक्तपुरवठा भरपूर, हाड जाळीदार, त्यामुळे ते तीन-चार महिन्यांत जुळतं. फक्त तोवर नीट जागेवर धरून ठेवायचं. त्यासाठी रॉड, म्हणजे पीएफएन, किंवा प्लेट आणि सरकता स्क्रू, म्हणजे डीएचएस. ज्यांच्या घरी आयटी फ्रॅक्चर आहे त्यांच्यासाठी इथेच सांगते. तुकडे स्थिर असतील तर स्वस्त डीएचएस महागड्या रॉडइतकंच चांगलं काम करतं. फ्रॅक्चर अस्थिर असेल, तिरकी रेघ उलट्या दिशेने गेली असेल किंवा खाली मांडीच्या दांड्यापर्यंत उतरली असेल, तर रॉडच. आणि दोन्हींत यश अवलंबून असतं ते बॉलमध्ये गेलेल्या स्क्रूच्या जागेवर. स्क्रूचं टोक बॉलच्या टोकापासून किती दूर आहे हे समोरच्या आणि बाजूच्या अशा दोन्ही एक्स-रेंत मोजून बेरीज करतात. ती २५ मिलिमीटरच्या आत असावी. जास्त असली तर ठिसूळ हाडातून स्क्रू वर कापत निघण्याचा धोका वाढतो. ऑपरेशननंतरचा एक्स-रे दाखवताना हे अंतर विचारलंत तर कोणत्याही चांगल्या सर्जनला राग येणार नाही.

मान मोडली तरी हाड अजिबात सरकलेलं नसेल, तर गोष्ट बदलते. तिथे दोन-तीन स्क्रूंनी भागतं. असे रुग्ण कधी कधी लंगडत चालतातही, एक्स-रेत रेघ दिसत नाही, आणि घरचे ‘मुका मार आहे’ म्हणून तेल चोळतात किंवा हाडवैद्याकडे नेतात. मालिशीने, ओढण्याने न सरकलेलं हाड सरकतं आणि स्क्रूवर भागणारं काम बॉल बदलण्यावर जातं. वृद्ध माणूस पडल्यावर जांघेत दुखतंय, पाय टेकवत नाही आणि एक्स-रे नॉर्मल आहे, तर एमआरआय करा. लगेच होत नसेल तर सीटी स्कॅन. तोवर पाय हलवू नका, चोळू नका.

तुमच्या आईचं हाड सरकलेलं आहे. म्हणजे रॉड, स्क्रू, प्लेट हे तिच्यासाठी पर्यायच नाहीत. वजन लावून ताण देणं हाही नाही. दादांना हे शांतपणे समजावून सांगा. त्यांना आईची काळजी आहे म्हणूनच ते नको म्हणतायत. ते जे ट्रॅक्शन सांगतात त्यावर पूर्वी आयटी फ्रॅक्चरचे लोक दहा-बारा आठवडे पडून राहायचे. सरकलेली मान त्याने जुळत नाही. ऑपरेशनच्या आधी तात्पुरतं वजन लावल्यानेही दुखणं कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दुखणं कमी करायचं असेल तर जांघेजवळ नस बधिर करण्याचं इंजेक्शन द्या म्हणा. सोनोग्राफी पाहत ते काही मिनिटांत देता येतं, काही तास आराम पडतो आणि झोप आणणारी कडक औषधं कमी लागतात.

ऑपरेशन न करणं कधी योग्य असतं का? हो, असतं. जो माणूस आधीपासून अंथरुणाला खिळलेला आहे, किंवा दुसऱ्या आजाराने शेवटच्या काही आठवड्यांत आहे, त्याला वेदनाशामक देऊन शांत ठेवणं हा माणुसकीचा आणि वैद्यकीयदृष्ट्याही रास्त निर्णय असतो. मात्र परवापर्यंत दोन जिने उतरून भाजी आणणारी बाई त्यात बसत नाही. तिच्या बाबतीत ‘चिरफाड नको’ याचा अर्थ कायमचं अंथरूण, आणि बहुधा थोडंच आयुष्य.

आता राहिले दोनच पर्याय: बायपोलर आणि पूर्ण सांधा. बायपोलरमध्ये फक्त मोडका बॉल काढून नवा बसवतात, कमरेच्या हाडातली वाटी स्वतःचीच राहते. पूर्ण सांध्यात वाटीही बदलतात. ऑपरेशन थोडं लांबतं, रक्त थोडं जास्त जातं, आणि खुबा निखळण्याचा धोका वाढतो. ‘सगळंच नवं, म्हणजे जास्त चांगलं’ हे गृहीत तुमच्या पत्रात दोनदा डोकावलंय, म्हणून आकडे सांगते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरकलेली मान मोडलेले सुमारे दीड हजार रुग्ण होते, सगळे स्वतःच्या पायांनी चालणारे. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागलं ते पूर्ण सांध्याच्या गटात ७.९ टक्के आणि अर्ध्या सांध्याच्या, म्हणजे फक्त बॉल बदललेल्यांच्या, गटात ८.३ टक्के लोकांना. म्हणजे फरक नाहीच. खुबा निखळणं किंवा अस्थिर होणं मात्र पूर्ण सांध्यात ४.७ टक्के, अर्ध्यात २.४. चालणं-बसणं पूर्ण सांध्यात किंचित चांगलं होतं, पण इतकं नाही की रुग्णाला ते ठळक जाणवावं.

मग पूर्ण सांधा कोणाला? जो घराबाहेर एकटा किंवा फार तर एका काठीने फिरत होता, ज्याची स्मृती आणि समज शाबूत आहे, ज्याचं शरीर लांबलेलं ऑपरेशन सोसेल आणि ज्याच्यापुढे बरीच वर्षं आहेत, अशाला. वाटी आधीच संधिवाताने झिजलेली असेल तरीही. तुमची आई पहिल्या अटीत बसते, आणि म्हणून दुसरे सर्जन चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. मला अडखळायला होतं ते विसरभोळेपणापाशी. पूर्ण सांध्यानंतर पहिले तीन महिने खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, मांडी घालायची नाही. हे रात्री अर्धवट झोपेतही लक्षात राहावं लागतं, आणि बॉल निखळला की पुन्हा भूल, पुन्हा टेबल. ७९ वय, हृदयाचा आजार आणि थोडी डळमळणारी स्मृती पाहता माझा कौल तुमच्या पहिल्या डॉक्टरांच्या बायपोलरला आहे. वाटी झिजल्याचं एक्स-रेत दिसत असेल तर मात्र त्यांना पूर्ण सांध्याबद्दल पुन्हा विचारा.

सिमेंटबद्दल तुम्हाला कुणीतरी ‘जुनी पद्धत’ असं सांगितलेलं दिसतं. वृद्धांच्या ठिसूळ हाडात सिमेंटच जास्त भरवशाचं आहे. नव्या बॉलखाली धातूचा दांडा असतो; बिनसिमेंटचा असेल तर तो हाडात घट्ट ठोकून बसवावा लागतो, आणि कागदासारख्या पातळ झालेल्या हाडाला ठोकताना किंवा नंतर तडा जातो. २०२२च्या चाचणीत १,२२५ रुग्णांपैकी सिमेंटच्या गटात दांड्याभोवती हाड मोडण्याचं प्रमाण ०.५ टक्के, बिनसिमेंटच्या गटात २.१ टक्के निघालं. चौथ्या महिन्यात सिमेंटवाले एकूणच बऱ्या स्थितीत होते. सिमेंटचा एक खरा धोका आहे: ते हाडाच्या पोकळीत दाबताना चरबीचे कण आणि हवा रक्तात जाऊन बीपी अचानक कोसळू शकतं. त्यासाठी पोकळी नीट धुऊन कोरडी करतात आणि सिमेंट भरण्याआधी सर्जन भूलतज्ज्ञांना सावध करतात. आईला हृदयाचा आजार आहे हे सांगून “सिमेंटच्या वेळी काय तयारी ठेवता?” एवढं विचारा. उत्तर शांत आणि स्पष्ट मिळालं तर ती टीम सरावलेली आहे.

काही ठिकाणी ऑस्टिन मूर नावाचा जुना, एकसंध, बिनसिमेंटचा बॉल अजून वापरतात. स्वस्त असतो, पण मांडीत दुखणं आणि सैल होणं जास्त. जो माणूस बाहेर फिरणार आहे त्याला शक्यतो तो नको. उलट, सिमेंटचा साधा एकध्रुवी बॉल (ज्यात बायपोलरसारखा आत फिरणारा दुसरा बॉल नसतो) आणि सिमेंटचा बायपोलर यांच्या निकालात फारसा फरक नाही. परदेशी की देशी यावर कर्ज काढू नका. ज्या सर्जनचा ज्या इम्प्लांटवर हात बसलाय तोच बसवू द्या, आणि खोक्यावरचा स्टिकर, ज्यावर बॅच नंबर आणि माप असतं, तो फाइलमध्ये लावून घ्या. पुढेमागे दुसरं ऑपरेशन लागलं तर तो लाखमोलाचा ठरतो.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे ते सात दिवस. क्लोपिडोग्रेलचा परिणाम पाच-सात दिवस टिकतो हे खरं. त्या काळात पाठीत सुई टोचून भूल दिली तर मणक्यात रक्त साठण्याचा धोका असतो, हेही खरं. पण म्हणून ऑपरेशनच थांबवायचं नसतं, भुलेची पद्धत बदलायची असते. पूर्ण भूल आणि सोबत नस बधिर करण्याचं इंजेक्शन हा मार्ग आहे. खुब्याच्या १,६०० रुग्णांवर झालेल्या २०२१च्या चाचणीत पाठीतली भूल आणि पूर्ण भूल यांत ६० दिवसांनंतरचं जगणं-चालणं सारखंच आढळलं. थोडं जास्त रक्त जाईल, तर रक्ताच्या बाटलीची सोय करून ठेवायची. भूलतज्ज्ञांशी वाद घालू नका. “पूर्ण भूल देऊन उद्या करता येईल का, आणि नसेल तर नेमकी अडचण काय?” असं विचारा. स्टेंट बसवणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलणं करून द्या. कोणती गोळी चालू ठेवायची हे तेच सांगतील, घरी कुणी परस्पर बंद करायची नाही. (वॉरफॅरिन चालू असेल तर व्हिटॅमिन के देऊन परिणाम उतरवता येतो. नव्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना मूत्रपिंडाच्या स्थितीनुसार साधारण एक-दोन दिवस थांबतात.)

फिटनेसच्या नावाखाली आणखी वेळ जातो तो टू-डी इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) आणि रक्तातल्या सोडियमसाठी. इको पलंगापाशीच होतो, त्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलायचं कारण नाही. छातीत झडपेचा आवाज ऐकू येत असेल तर इको आधी हवाच. पोटॅशियम, हिमोग्लोबिन काही तासांत ताळ्यावर आणता येतं. सोडियम मात्र हळूहळूच वर आणावं लागतं, पण ते थोडंसंच कमी असेल तर त्यासाठी ऑपरेशन थांबवत नाहीत. आणि उपाशी ठेवण्याकडे लक्ष ठेवा. रात्री दहापासून उपाशी, सकाळचा नंबर दुपारवर, दुपारचा उद्यावर, असं दोन दिवस चाललं तर म्हातारं माणूस तिथेच खचतं. घन अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी साधारणपणे दोन तास आधीपर्यंत चालतं. नंबर पुढे गेला की लगेच काहीतरी खायला द्यायची परवानगी मागा.

खर्चाबद्दल तुम्ही स्पष्ट लिहिलं नाही, पण ओळींमध्ये ते दिसलं. आईचं वय ७० च्या वर आहे, तेव्हा उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे आणि वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारखर्चाचं संरक्षण मिळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाच्या) टेबलावर जा. हे रुग्णालय योजनेत आहे का, हे ऑपरेशन आणि सिमेंटसकट इम्प्लांट पॅकेजमध्ये येतं का, हे ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर नाही. केईएम, सायन, नायर, जेजे इथेही ही ऑपरेशनं रोजची आहेत. तिथे विचारायचा प्रश्न एकच: नंबर कधी लागेल? सध्याच्या ठिकाणी उद्या होत असेल, तर थोडे पैसे वाचवायला चार दिवसांच्या रांगेत हलवू नका. पैशांची खरंच अडचण असेल तर आज, लगेच हलवा.

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभं करायचं. सिमेंटच्या बायपोलरवर पूर्ण वजन टाकता येतं. ‘टाके निघेपर्यंत आराम’ असं कुणी म्हटलं तर डॉक्टरांना स्वतः विचारा. लघवीची नळी एक-दोन दिवसांत काढायला सांगा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर टोचायचं इंजेक्शन साधारण चार-पाच आठवडे असतं, ते क्लोपिडोग्रेलशी जुळवून घ्यावं लागतं.

आई रात्री बडबडेल, तुम्हाला ओळखणार नाही, नळ्या ओढेल, असं होऊ शकतं, आणि आधीच विसरभोळेपणा आहे म्हणून शक्यता जास्त. घाबरून झोपेची गोळी मागू नका. चष्मा, कवळी, कानाचं मशीन पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा, दिवसा उजेडात बसवा, रात्री घरचं एक माणूस उशाशी असू द्या. लघवी तुंबलीय का, पोट साफ नाही का, दुखतंय का, हे आधी पाहायला सांगा.

चाळीतलं घर आत्ताच तयार करा. बायपोलरनंतरही पहिले काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नसतो, म्हणून खाली बसणं, पाट, उकिडवं बसणं बंद. देशी संडास तर कायमचा. सामायिक संडासापर्यंत जाण्याऐवजी खोलीतच कमोड खुर्ची ठेवा. पलंग आणि खुर्ची अशा उंचीची हवी की बसल्यावर गुडघे खुब्याच्या खाली राहतील. तिच्या गुडघ्यापर्यंतची उंची मोजून न्या, दिवाण बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे द्या. झोपताना दोन पायांमध्ये उशी. घरी आणताना खुर्चीत बसवून दोघा-तिघांनी उचलून वर न्यायचं. पुढे जिना शिकवताना चढायला आधी चांगला पाय, उतरायला आधी ऑपरेशनचा. काठी चांगल्या बाजूच्या हातात. जेवणात रोज ५०-६० ग्रॅम प्रथिनं जातील असं पाहा: अंडी, मासे, डाळ, दूध, पनीर. नुसत्या पेजेवर मांडीचा स्नायू भरून येत नाही.

हाड ठिसूळ झाल्याशिवाय उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडत नाही, तेव्हा दुसरा खुबाही तसाच आहे. व्हिटॅमिन डी भरून काढल्यावर, ऑपरेशननंतर दोनेक आठवड्यांनी, झोलेड्रॉनिक ॲसिडचं वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं ५ मिलिग्रॅमचं औषध सुरू करता येतं; मूत्रपिंड फार कमकुवत असेल तर ते देत नाहीत, दुसरे पर्याय आहेत. डिस्चार्जच्या कागदावर याचा उल्लेख नसेल तर पहिल्या फेरतपासणीला स्वतः विषय काढा. मोरीत घट्ट बसणारी रबरी चटई आणि भिंतीला धरायचा दांडा ती घरी यायच्या आत लावून घ्या. बीपीच्या गोळीने उठल्यावर चक्कर येते का, मोतीबिंदू वाढलाय का, हेही तपासून घ्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही. दोन डॉक्टर काय म्हणाले, दादा काय म्हणाले, शेजारी काय म्हणाले, सगळं आहे. आई काय म्हणते ते नाही. ती शुद्धीवर आहे. थोडं विसरते म्हणजे तिला स्वतःचं बरं-वाईट कळत नाही असं नव्हे. दुखणं कमी झाल्यावर, नस बधिर केल्यावर, चष्मा लावून तिच्याजवळ बसा आणि साध्या शब्दांत सांगा: बॉल मोडलाय, तो बदलला तर चालता येईल, धोका आहे तो असा, न बदलल्यास असं होईल. तिला पुन्हा कशासाठी चालायचंय ते विचारा. भाजी आणायला, देवळात जायला, की फक्त कुणाचा हात न धरता मोरीपर्यंत? ते उत्तर सर्जनना सांगा, आणि संमतीपत्रावर सही तिलाच करू द्या.

आज संध्याकाळच्या राउंडला डॉक्टर येतील तेव्हा दादांना फोनवर घ्या, म्हणजे एकच बोलणं सगळ्यांच्या कानावर जाईल.